वन्संची पाव गोळी

सकाळी सातला फोन वाजला की तो वन्संचाच. त्या दिवशीही स्क्रीनवर त्यांचंच नाव दिसलं, म्हणून मी म्हटलं, "बोला वन्सं, आज काय पाहिलंत?" पलीकडे त्यांच्या शेजारीणबाई होत्या. "अहो, ताई उठतच नाहीयेत..." माझी मोठी नणंद झोपेतच गेली होती. आता सव्वा महिना झाला. सांगायला लाज वाटते, पण मुलुंडला त्यांच्या घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं... पुन्हा गोळ्या घेतल्या की काय?

यजमान गेल्यावर महिनाभरासाठी म्हणून दिलेली झोपेची गोळी वन्संनी चौदा वर्षं घेतली. "झोप कसली गं, दिवा घालवल्यासारखं होतं," म्हणायच्या. स्वप्न तर एक नाही. मग एका चातुर्मासात लोक कांदा-वांगी सोडतात तशी या बाईंनी गोळी सोडली, एकदम! चार दिवसांत हात थरथरायला लागले, डोळा लागला की भयंकर स्वप्नं. डॉक्टरीणबाई भडकल्याच. "काकू, गोळी म्हणजे काय वांगं आहे?" मग त्यांनी नीट समजावलं, की या गोळीने गाढ झोप आणि स्वप्नांची झोप दोन्ही दबलेल्या असतात, ती अचानक काढली की स्वप्नं उसळून वर येतात. "माझ्या देखरेखीखाली हळूहळू कमी करू," म्हणाल्या.

वर्षाहून जास्त लागलं. अर्धी, पाव, मग पावही एक दिवसाआड. चिडचिड एवढी, की माझ्यावर दोनदा फोन आपटला. मीही हट्टी, दुसऱ्या दिवशी सातला मीच लावला. आणि एका सकाळी त्या रडतही होत्या, हसतही होत्या. "अगं, हे आले होते! इतक्या वर्षांत पहिल्यांदा... आणि विचारतात काय, तर माझी छत्री कुठाय?" तेव्हापासून रोजचं स्वप्न मला सातला घरपोच.

त्या गेल्या त्या दिवशी त्यांच्या उशाशी गोळ्यांची स्टीलची डबी होती. मी ती उघडली. आत शेवटची पाव गोळी तशीच होती, कडा झिजलेली. "असू दे गं, धीर राहतो," म्हणून ठेवलेली. दोन वर्षं तिला हात लावला नव्हता. वन्सं स्वतःच्या झोपेत गेल्या.

डबी आता माझ्याकडे असते. परवा त्या स्वप्नात आल्या, चहात साखर कमी म्हणून तोंड वाकडं करत. सातला माझा हात सवयीने फोनकडे गेला... मग मी नवऱ्याला हलवून उठवलं आणि त्याच्या ताईचं स्वप्न सांगितलं. त्याने उठून बसून सगळं ऐकलं. म्हणाला, "उद्याही सांग."