पंखावर बोटभर बर्फ

२००३ च्या नोव्हेंबरात मी कोल्हापूरहून निघालो, ते भाच्याची समजूत घालायला. अभिजित उत्तर कॅनडातल्या एका लहान गावी विमान चालवत होता. इथं बर्फात विमान उडवणं धोक्याचं आहे, नोकरी सोडून परत येतो, असा त्याचा फोन आला होता. त्याला नोकरी लागली म्हणून शिवाजी पेठेत ताईनं गल्लीभर पेढे वाटून वर्षही झालं नव्हतं.

तिथं उतरलो तर दुपारी तीनलाच उजेड मावळत होता. श्वास घेतला की नाकातले केस ताठ व्हायचे. अभिजितनं भाताबरोबर तिथल्या तळ्यातला मासा वाढला. बेचव लागला, म्हणून मी वर कोल्हापूरहून नेलेलं भडंग (तिखट चुरमुरे) घेतलं. जेवता जेवता विषय काढला.

"सगळेच उडवतात की. तुलाच कसली भीती?"

तो वाद घालत बसला नाही. "सकाळी चला माझ्याबरोबर," एवढंच म्हणाला.

विमान आपल्याकडच्या वडापच्या (सवाऱ्या भरून नेणाऱ्या) जीपएवढं. मागे चार प्रवासी, पुढं त्याच्या शेजारी मी. निघण्याआधी त्यानं विमान कंपनीच्या मालकाला हवामानाचा कागद दाखवला. वाटेतल्या ढगांतलं पाणी गोठणबिंदूखाली जाऊनही पाणीच राहतं आणि विमानाला लागलं की जागच्या जागी गोठतं, हे त्यानं मला सकाळी विमानतळावर जाताना समजावलं होतं. पंखांच्या कडेला रबरी पट्ट्या असतात, त्या फुगवून बर्फ फोडायचा. डावीकडची फाटली होती. त्यानं तीनदा लेखी कळवलं होतं. मालकानं कागद वाचला, ढग पातळ आहेत म्हणाला आणि कॉफी ओतून घेतली.

ढगात शिरलो आणि पाच मिनिटांत समोरच्या काचेवर दुधाळ थर धरला. डाव्या पंखाच्या कडेला बोटभर बर्फ दिसू लागला. फिरत्या पात्यांवरून सुटलेले तुकडे पत्र्यावर खडीसारखे आदळत होते. इंजिनं पूर्ण जोरात होती, तरी वेगाचा काटा खाली येत होता. मग सगळं विमान थरथरायला लागलं. मागच्या म्हातारीनं माझा खांदा गच्च धरला.

"मामा, मागं वळवतोय. बोलू नगा आता."

बाजूच्या काचेतून बघत त्यानं विमान उतरवलं. उतरलं म्हणजे आपटलंच.

मालक तासाभरानं आला. तोवर गरम शेडमध्ये बर्फ वितळून गेला होता. त्यानं फरशीवरच्या पाण्याकडं बघितलं आणि बर्फ कुठाय, असं विचारलं. दुपारी ढग सरले. दुसऱ्या वैमानिकानं तेच प्रवासी त्याच विमानातून सुखरूप पोचवले. संध्याकाळी अभिजितला कामावरून काढल्याची चिठ्ठी मिळाली.

आठवड्यानं आम्ही दोघं कोल्हापुरात उतरलो. ताईच्या दारात शेजारचे आप्पा बसले होते.

"भिऊन आलं व्हय पोरगं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. ढग, फाटकी पट्टी, पंखावरचा बोटभर बर्फ. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पर दुसऱ्यानं न्हेलंच की त्यास्नी."

अभिजित बॅग उचलून आत गेला. विमान पडलं असतं, तर चौकात त्याच्या फोटोला हार घालून याच लोकांनी फाटक्या पट्टीबद्दल मालकाला शिव्या दिल्या असत्या. आप्पांवर मी चिडलो खरा, पण अभिजितचं म्हणणं पटायला मलाही त्या ढगात जावं लागलं होतं.