मायचं गाळलेलं पाणी

माझी माय गाळल्याशिवाय पाणी पीत नाही. पीत नव्हती, असं म्हणायला पाहिजे आता. लहानपणी तिच्या पायातून नारू निघाला होता. दोऱ्यासारखा तो किडा रोज थोडाथोडा काडीला गुंडाळून बाहेर काढायचा, अन् मधेच तुटला तर पाय सुजून सडायचा. त्याची खूण तिच्या घोट्यावर अजून आहे. नारू गेला, नारू बघितलेली माणसंही बरीचशी गेली, पण मायचं फडकं काही सुटलं नाही. लग्नाला निघाली तरी पिशवीत चौघडी करून फडकं. मांडवातलं जारचं थंडगार पाणीसुद्धा ही बाई चारचौघांत गाळून प्यायची. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिला काही नाही.

घरात पाणी गाळायचं काम अक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं. ती हंड्याच्या तोंडावर फडकं ताणून धरायची आणि मी आडाचं पाणी वरून ओतायचो. सांडलं की पाठीत धपाटा. मानवतला नांदायला गेली, तरी माहेरी आली की चपला काढायच्या आधी हंडा कुठंय म्हणून विचारायची. ती आजारपणात गेली. अस्थी इथं गंगाखेडलाच गोदावरीत सोडल्या. तिच्या साड्या मायनं रीतीप्रमाणे वाटून टाकल्या, फक्त एक जांभळी ठेवली अन् तिची गाळायची फडकी फाडली. वहिनी म्हणाली, "अहो, चांगली नेसायची साडी हाय." माय म्हणाली, "पानी गाळायचं काम तिचंच हाय. तीच करील." अक्का गेली, असं मायच्या तोंडून कधी आलंच नाही. आम्हीही ते कधी तिच्याकडून वदवून घेतलं नाही.

मी गंगाखेडला कॉलेजात फिजिक्स शिकवतो. मला राग लवकर येतो, हे गावभर माहीत आहे, मीच सांगून टाकलेलं बरं. पोरापोरींना प्रोजेक्ट दिला होता, पाण्यातलं बारीक प्लॅस्टिक फोटोत पकडायचं. पाणी बारीक गाळणकागदातून ओढून घ्यायचं. कागदावर जे राहील त्यावर एक खास रंग टाकायचा, अन् मायक्रोस्कोपखाली निळा उजेड पाडून नारिंगी काचेतून फोटो घ्यायचा. प्लॅस्टिकचे कण विस्तवासारखे चमकतात, बाकी सगळा अंधार. चमकलं ते सगळं प्लॅस्टिकच, असंही नाही म्हणा. कापसाचा तंतूही कधी फसवतो. म्हणून तापलेली सुई जवळ न्यायची, प्लॅस्टिक असेल तर तंतू आकसून गोळा होतो.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. यंत्र तपासायला म्हणून शुद्ध पाणी गाळलं, तर त्यातही तंतू चमकायला लागले. शोधता शोधता कळलं की ते माझ्याच टेरिकॉटच्या शर्टाचे. पोरं तोंड दाबून हसली. दुसऱ्या दिवसापासून लॅबमध्ये सुती कपड्यांशिवाय पाऊल टाकायचं नाही, असा मी फतवा काढला.

घाटावरच्या पाण्यात पिशव्यांच्या चिंध्या अन् पुड्यांचे तुकडे निघाले, ते निघणारच होते. मग मी जरा छाती फुगवून म्हणालो, प्लॅस्टिक नसलेलं पाणी बघायचं असेल तर आमच्या घरचं बघा. आमचं गाव वालूरकडं, दारात आड, त्यात गाळल्याशिवाय पाणी न पिणारी माय. सुट्टीत गेलो अन् मायच्या हंड्यातून काचेची बाटली भरून आणली.

फोटो निघाला. अख्खा कागद लांब लांब तंतूंनी भरला होता. घाटाच्या पाण्यातही इतके तंतू नव्हते. एका पोरीनं हळूच विचारलं, "सर, तुमी टेरिकॉट घालून गेल्ते का गावाला?" मी तिच्यावर खेकसलो. मग साधा पांढरा उजेड लावून बघितलं. तंतू जांभळे होते. आता बोला, जांभळे दिसले तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मला वाटलं, आडाच्या दोराचे असतील.

पुढच्या रविवारी पुन्हा गावाला गेलो. दोर नायलॉनचाच होता, पण हिरवा. मी आडात वाकून बघत होतो तर माय ओसरीवरून म्हणाली, "काय बघायलास रे? पडशील की." स्टीलच्या बादलीनं पाणी शेंदलं अन् तसंच एका बाटलीत भरलं. दुसरी बाटली हंड्यातून, गाळलेल्या पाण्याची. हंडा कलता करताना काठावर वाळत घातलेलं फडकं माझ्या हाताला लागलं. जांभळं. कडेचा एक लोंबता दोरा तोडून मी खिशात टाकला.

लॅबमध्ये तिन्ही शेजारी शेजारी ठेवले. आडाच्या पाण्यात नावाला एखादा हिरवा तुकडा. गाळलेल्या पाण्यात जांभळ्यांची गर्दी. खिशातला दोरा उकलून बघितला तर तोच रंग, तीच जाडी, अन् सुई नेली की तसाच गोळा. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, ते हे. आधी फडकं सुती असायचं, जुन्या धोतराचं. अक्काची साडी पॉलिस्टरची होती. रोज घासून, पिळून, उन्हात वाळवून ती विरत चालली होती अन् माय तिच्यातूनच सगळ्या घराला पाणी पाजत होती.

हे पोटात जाऊन माणसाचं नेमकं काय होतं, ते मला छातीठोक सांगता येत नाही. पण घरात भावाची तान्ही पोर तेच पाणी प्यायला लागली होती. सांगावं तर मायच्या हातातून अक्का काढून घ्यायची, अन् न सांगावं तर तिच्या साडीचे धागे सगळ्यांना पाजत बसायचे. मी मांजरपाटाचं कोरं सुती कापड घेऊन गेलो.

वहिनी शहाणी. म्हणाली, "भावजी, तुमी काही बोलू नका. मी हळूहळू बदलते." ऐकायला पाहिजे होतं. पण मास्तरकी अंगात भिनलेली. मायला ओसरीवर बसवलं अन् मोबाइलवर फोटो दाखवला.

"काय हाय हे? काजवे का?"

"तुज्या फडक्याचे धागे. पाण्यात उतरायलेत."

तिनं मोबाइल जवळ घेतला, लांब धरला, पदरानं पुसला. लय वेळ बघत होती. मग म्हणाली, "म्हंजी अक्काच हाय की ही."

"अक्का न्हाई माय, प्लॅस्टिक हाय." माझा आवाज नको तेवढा चढला.

"तिच्या साडीचे ह्यातले कोनते?"

"समदेच."

"अन् हे समद्यांच्या पोटात जायलंय? लेकराच्या बी?"

मी मान हलवली.

"तिनं कवा कोनाचं वाईट केलं न्हाई रे," माय म्हणाली. माझ्याकडं न बघता म्हणाली. मग उठली, फडकं झटकलं, घडी केली अन् ट्रंकेत ठेवून आली. मांजरपाट वहिनीच्या हातात दिलं. भांडण नाही, रडणं नाही. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा सोपं गेलं, म्हणून मी जेवून निवांत गाडीला लागलो. मूर्ख माणूस.

त्यानंतर गेलो तेव्हा वहिनी अंगणात मांजरपाटातून पाणी गाळत होती. माय आडावर होती. तिनं बादली वर घेतली, तांब्या बुडवला अन् तशीच प्यायली. तिला तसं पिताना मी जन्मात बघितलं नव्हतं. वहिनी हळूच म्हणाली, त्या दिवसापासून असंच चालू आहे, कितीदा सांगितलं. माझ्या फोटोंच्या हिशेबानं तिच्या तांब्यात प्लॅस्टिक आता नावालाच असणार. हे मला कळत होतं, अन् तरी तो तांब्या तिच्या हातातून हिसकावून घ्यावासा वाटत होता.

"माय, गाळलं न्हाईस?"

तिनं तांब्या पालथा घातला, पदरानं तोंड पुसलं.

"गाळनारी गेली," ती म्हणाली.

'गेली' हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.