थांबा, बघून सांगते

"थांबा, बघून सांगते."

बाईंचं हे ठरलेलं उत्तर. लातूरच्या ज्या कोचिंग क्लासमध्ये मी नोकरीला आहे, तिथे त्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. क्लासच्या ऑनलाइन पानावर पालकांचे मेसेज येत, त्यांना उत्तरंही त्याच द्यायच्या. एखाद्या आईने जेवणाचं विचारलं, की बाई आधी "थांबा, बघून सांगते" असं लिहायच्या, मेसमध्ये जाऊन स्वतः दोन घास खायच्या आणि परत येऊन टाइप करायच्या, "आज वरण पातळ आहे. पोळी चांगली." तेही साऱ्या जगाला दिसेल असं.

मी नांदेडहून कॉम्प्युटर शिकून आलेली. मला हसू यायचं.

"बाई, आपल्याच पानावर वरण पातळ म्हणून कुणी लिहितं का?"

"पातळच हाय तर काय लिहू? पोरगी संध्याकाळी फोनवर आईला सांगणारच की."

क्लासचे मालक, म्हणजे आमचे सर, कपाळाला हात लावायचे, पण प्रवेश होत होते म्हणून गप्प बसायचे. अहमदपूरच्या एका वडिलांनी तर ते पातळ वरण वाचूनच मुलीला आमच्याकडे घातलं होतं. तसं त्यांनी मला स्वतः सांगितलं.

बाईंची आणखी एक सवय होती. कुठल्याही खोलीत गेल्या की बसण्याआधी भिंतीवर तळवा टेकवायच्या. मुली त्यांची नक्कल करायच्या. खोटं कशाला बोलू, मीही करायचे.

बाई निलंग्याकडच्या एका खेड्यातल्या. भूकंपात घर गेलं तेव्हा सातवीत होत्या. हे त्यांनी मला एकदाच, मटकी निवडता निवडता सांगितलं. "आधी लई दिवस जमिनीतून आवाज यायचा. आई म्हणायची, बाहेर झोपू. आबा म्हणले, काही होत न्हाई, भिंत मजबूत हाय." मटकीतला एक खडा त्यांनी बाजूला टाकला. "बघितली नव्हती त्यांनी भिंत. आम्हाला भ्या वाटू नये म्हणून म्हणले."

त्यांच्या आवाजात वडिलांवर राग नव्हता. मला मात्र त्या दिवसापासून भिंतीला टेकून बसायची भीती वाटू लागली.

आणि एका रविवारी तो आवाज आला. सकाळचे अकरा वाजले असतील. अवजड ट्रक पायाखालून गेल्यासारखी घरघर झाली, तावदानं वाजली, टेबलावरचा पाण्याचा ग्लास सरकला. मिनिटभरात मेसेज सुरू झाले. मुली कशा आहेत, मुली कशा आहेत. सर धावत आले. "लिही, सर्व मुली सुरक्षित, इमारत भक्कम."

मी लिहिलं. ते वाक्य लिहिल्यावर मलाच धीर आला. मुली समोरच्या इमारतीत परीक्षेला गेल्या होत्या आणि आता मैदानात उभ्या होत्या. यात खोटं काय होतं?

बाईंनी ते वाचलं. "बघितलंस का?"

"सगळ्या मैदानात आहेत, बाई."

"तू बघितलंस का?"

किल्ल्यांचा जुडगा घेऊन त्या वसतिगृहाचा जिना चढू लागल्या. मी मागे. प्रत्येक मजल्यावर भिंतीला तळवा, प्रत्येक दारावर थाप, "कोण हाय?" त्यांचा हात इतका कापत होता की बांगड्या वाजत होत्या. बाईंनाही भीती वाटत असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

चौथ्या मजल्यावर शेवटच्या खोलीत छताला ताजी भेग पडली होती, बरोबर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखाली. भेगेतून पाणी ठिबकत होतं. खाली कॉटवर अहमदपूरची ती मुलगी तापाची गोळी घेऊन गाढ झोपली होती.

दोघींनी धरून तिला खाली आणलं. मग बाई फोन घेऊन बसल्या आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, "आधीचा मेसेज आम्ही न बघता लिहिला. चौथ्या मजल्यावर छताला भेग आहे. तिथे एक आजारी मुलगी होती, ती आता माझ्याजवळ आहे. इंजिनिअर बघेपर्यंत आत कुणी जाणार नाही."

"बाई, क्लास बंद पडेल," सर म्हणाले.

"पडू द्या."

क्लास बंद पडला नाही. काही पालकांनी मुली नेल्या, बऱ्याच जणांनी ठेवल्या. टाकी उतरवली गेली. अहमदपूरचे वडील आले आणि मुलीला बाईंच्याच हवाली करून गेले.

सरांनी मात्र धसका घेतला. पुढच्या वर्षी वसतिगृह बाहेरच्या एजन्सीकडे गेलं आणि मेसेजना आपोआप उत्तर देणारी सोय आली. बाईंची गरज उरली नाही. जाताना त्यांनी ऑफिसच्या भिंतीवर तळवा टेकवला आणि निलंग्याची एसटी धरली. मी त्यांना थांबवायला काही बोलले नाही. नोकरीची भीती होती, दुसरं काय.

गेल्या आठवड्यात, भर दुपारी, पुन्हा घरघर झाली. फोन हातात घेतला तर क्लासच्या पानावर देवणीच्या एका आईचा प्रश्न आला होता आणि त्याखाली उत्तरही आपोआप गेलेलं होतं, "काळजी नसावी. आपली मुलगी सुरक्षित आहे." तावदानं अजून वाजत होती.

मी त्याखाली लिहिलं, "थांबा, बघून सांगते." ऑफिसात टांगलेल्या जादा किल्ल्या घेतल्या आणि वसतिगृहाच्या जिन्यापाशी भिंतीला तळवा लावला. भिंत हलतेय की माझा हात, ते कळेना. वर गेले, पहिल्या दारावर थाप मारली आणि विचारलं,

"कोण हाय?"