मामीचा भाऊ आणि चाळीची माळ

मामीच्या भावावर मी जेवढा जळलो तेवढा जन्मात कुणावर जळलो नाही. हा माणूस हिंदमाताला साडीच्या दुकानात कामाला, त्यामुळे कुठलीही वस्तू साधी दाखवणं त्याला जमायचंच नाही. मेथी आणली तरी जुडी मनगटावर पसरून मामीला म्हणायचा, "ताई, पोत बघ. शिजल्यावर रंग गेला तर परत आण." केस विंचरल्याशिवाय नळावर पाणी भरायलाही जायचा नाही. मामीचा भाऊ म्हणून अख्खी चाळ त्याला भाऊच म्हणायची. मी चिपळूणच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून त्यांच्याच हातचा मार खाल्लेला कलावंत. परळला मामाकडे आलो आणि आठवड्यात रेशनवाल्यापासून सभेतल्या वक्त्यांपर्यंत सगळे आवाज काढायला लागलो. चाळ हसायची. पण भाऊ जिन्यात दिसला की सगळ्या माना तिकडे.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. चाळीतले किती जण सत्याग्रह करून तुरुंगात बसलेले, तरी दिवाळीची माळ लागायचीच. दर खोलीमागे एक बॅटरीतला बारका बल्ब, ज्यानं त्यानं आपल्या आवडीचा रंगीत कागद गुंडाळून दिलेला, आणि सगळे एकाच तारेत ओवलेले. एक गेला की अख्खी माळ गेली. मग कुणाचा गेला ते शोधायचं, आणि ज्याचा गेला त्यानं वर्षभर ऐकून घ्यायचं.

त्या दिवाळीत अंगणातल्या कार्यक्रमात मला पहिल्यांदा नकला करायला मिळाल्या. गॅसबत्तीच्या उजेडात मी रेशनवाला सुरू केला, पहिलं हसू आलं, आणि माळ गेली. सतरंजीवरची माणसं बसल्या बसल्या फिरली आणि सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. "भाऊ, उतरा खाली," कुणीतरी ओरडलं. भाऊ उतरला, पण केस विंचरून. मेन बंद करायला लावला, माळ पदरासारखी खांद्यावर घेतली आणि रबरानं बांधलेल्या दोन सेलांना एकेक बल्ब काढून, कागद सोडवून टेकवत सुटला. "चव्हाणवहिनी, हा तुमचा गुलाबी. काय तेज आहे, बघून घ्या. साटम, तुमचा जरा उशिरा पेटला. तुम्हीपण उशिराच उठता म्हणा." लोक लोळत होते. ते हसू हक्कानं माझं होतं. याचीच नक्कल करून याला झोपवायचा, असं ठरवून मी त्याच्या अगदी पुढ्यात जाऊन बसलो आणि हात पाठ करायला लागलो.

तावडे आजी पुढे सरकल्या. त्यांचा मुलगा बाबू तुरुंगात, महिनाभर काही खबर नाही. "भाऊ, माझो बघ रे. बाबूच्या नावान लावलंय."

भाऊनं बल्ब टेकवला. तो पेटला नाही. पण घडी मोडावी तसं त्याचं मनगट वळलं, बाहीतून दुसरा बल्ब बोटांत आला आणि तो लखलखला. "आजी, तुमचा बाबू एकदम झकास," भाऊ म्हणाला. मग त्याचा स्वतःचा बल्ब, माळेच्या शेवटचा. तिथे त्यानं आजींचा तो मेलेलाच टेकवला. "घ्या. आमचाच गेलाय."

"हिंदमाताचा माल," साटम ओरडले आणि चाळ त्याच्यावर तुटून पडली. आजीही हसल्या. बोटं कुणी बघितलीच नव्हती, माझ्याशिवाय.

माझ्या नकला दुसऱ्या संध्याकाळवर गेल्या. दिवसभर मोरीत उभा राहून मी ते मनगट घटवलं. तंतोतंत आलं. संध्याकाळी भाऊ उभा केला, कंगवा, मेथी, साटम सगळं. लोकांना श्वास घेता येईना. मग आजींच्या बल्बची पाळी आली. समोर पहिल्याच रांगेत आजी बसलेल्या. मनगट वळलं असतं तर नकलेनं कळस गाठला असता, चाळ कायमची माझी झाली असती. मी बल्ब सरळ टेकवला, "एकदम झकास" म्हणालो आणि पुढे गेलो. हसू जरा खालीच आलं.

कार्यक्रम संपल्यावर भाऊ जवळ आला. "आवाज जमला, चाल जमली. हात नाही जमला रे तुला."

"नाही जमला," मी म्हणालो.

तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला, मग जिना चढून गेला. खाली लोक माझी पाठ थोपटत होते, पुढच्या वर्षीचं आमंत्रण देत होते. एवढं सगळं पदरात पडलं होतं, आणि तरी जिन्यातून वर जाणाऱ्या त्या पाठीवर मी आधीपेक्षा जास्तच जळत होतो.