सोळा मात्रा आणि आठ ॲडमिशन

किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते कूलरखालच्या पाण्यासारखे आपोआप साचतात. माझ्याकडे जरा जास्तच साचले, त्याला कारण माझी बसायची जागा. वर्ध्याच्या एका कॉलेजात नृत्य विभागात मी तबला वाजवतो. नाचणारीकडे सगळे बघतात, परीक्षकांना सगळे घाबरतात, आणि कोपऱ्यातल्या तबलेवाल्यासमोर लोक वाट्टेल ते बोलतात. त्यांना वाटतं, याला धा धिं धिं धा सोडून दुसरी भाषा कळत नाही.

आधी नियम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. नृत्याच्या डिग्रीला बारावीची कुठलीही शाखा चालते, पण ऑडिशन सक्तीची. पाच मिनिटं सादरीकरण, मग हातावर टाळी धरून ताल मोजून दाखवायचा, मग तोंडी मुलाखत. माहितीपुस्तकात ठळक छापलंय, ‘निवड काटेकोर गुणवत्तेवर होईल.’ दोन पानं पुढे बारीक अक्षरात दुसरा नियम आहे. पहिल्या वर्षाला आठ विद्यार्थी नसतील, तर त्या वर्षी वर्गच सुरू होणार नाही.

वर्ग सुरू झाला नाही, तर आमच्या विभागप्रमुख देशकर मॅडम दुसऱ्या विभागात पर्यावरण शिकवायला जातात. त्या पर्मनंट आहेत. मी तासिका तत्त्वावर, मी घरी जातो. त्यामुळे ऑडिशनला पोरी जेवढ्या घाबरतात, त्याच्या दुप्पट मी घाबरतो. हे सगळे किस्से गेल्या सीझनचे आहेत, आणि त्या सीझनला आठ होता होता आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

•

पहिली ॲडमिशन सेलूहून आली. म्हणजे आला बाप. पोरगी मागे उभी होती, पण तिला बोलायचा चान्स अर्ध्या तासात एकदाही मिळाला नाही.

खिडकीत आमचे चौधरी बाबू. फॉर्म तेच भरतात, शंका तेच सोडवतात, आणि आठचा आकडा त्यांनी टेबलाच्या काचेवर स्केचपेनने लिहून ठेवलेला असतो. बापाने शिकवणी, हॉस्टेल, नोकरी, सगळं विचारून घेतलं. मग आवाज खाली आणला.

“बाबूजी, एक सांगा. दोन-तीन वर्षांनी पोरीचं पाहाचं आहे. बायोडाटात ‘नाच शिकली’ असं लिहावं का?”

बाबूंनी मानसुद्धा वर केली नाही. “बी.पी.ए. लिहा. पुरं नाव कोणी विचारत नाई.”

“अन् विचारलं तर?”

“तर म्हणा, पोरीलेच विचारा. तेवढीच भेट होईल दोघांची.”

बाप समाधानाने गेला. काचेवरच्या आठाखाली एक रेघ पडली.

•

त्यानंतर पोर्टलने घोळ घातला. अर्जासोबत स्वतःच्या नृत्याचा व्हिडिओ टाकायचा होता, आणि साइज मर्यादा दोन एमबी. दोन एमबीत माणूस नमस्कार करतो तेवढ्यात व्हिडिओ संपतो. आलेल्या सगळ्या व्हिडिओंत पोरी नुसत्या नमस्कार करत होत्या.

एकीने हुशारी केली. नमस्कार गाळला आणि थेट चक्करवर गेली. पण मोबाईल धरला होता तिच्या काकाने, आणि काकाही तिच्यासोबत गोल फिरला. व्हिडिओत पोरगी स्थिर दिसते आणि घर फिरताना दिसतं.

मॅडमनी तो तीनदा पाहिला. चष्मा काढला, पुसला.

“तोल चांगला आहे,” त्या म्हणाल्या आणि दहापैकी आठ मार्क दिले. त्या आठवड्यात आमची गाडी तीनवर गेली.

•

नियमाप्रमाणे एक परीक्षक बाहेरचा लागतो. नृत्यातल्या ज्या दोन बाई येऊ शकत होत्या, त्यांनी वर्ध्याचं जूनमधलं तापमान ऐकून कळवलं की तब्येत बरी नाही. शेवटी नागपूरहून नाट्य विभागाचे एक सर आले. माणूस एकदम भला. त्यांना तालातलं काही कळत नव्हतं, आणि तसं त्यांनी पहिल्याच चहाला कबूल केलं. “मी चेहरा बघतो,” ते म्हणाले.

सेवाग्रामची एक पोरगी आली. आई दवाखान्यात नर्स, तिथूनच ड्युटी करून पोरीला घेऊन आलेली. पोरीने दोन तुकडे, म्हणजे बोलांवर बांधलेले छोटे नाच, नीट केले आणि तिसऱ्यात विसरली. हात वर राहिला, डोळे भरले, ओठ थरथरायला लागले. मी नुसता ठेका वाजवत राहिलो. पूर्ण मिनिटभर ती तशीच उभी होती.

नाट्यवाले सर खुर्चीच्या टोकावर आले. “बघा मॅडम,” ते हळूच म्हणाले, “काय भय उभं केलंय.”

अभिनयाला विसापैकी एकोणीस. पोरीला नंतर हे कळलं तेव्हा ती पुन्हा रडली. ते बघून सर म्हणाले की एक मार्क मी उगाच कापला.

•

तोंडी मुलाखतीत मॅडम सगळ्यांना एकच प्रश्न विचारतात, ‘कथकच का?’ उत्तरही ठरलेलं असतं, ‘लहानपणापासून आवड.’ ते म्हणताना पोरी छताकडे बघतात. एक मात्र सरळ मॅडमकडे बघून बोलली.

“मॅडम, बी.एस्सी.ची यादी लागायची आहे.”

“म्हणजे तिकडे नाव लागलं तर?”

“तर तिकडं जाईन.”

“आणि नाही लागलं तर?”

“तर लहानपणापासून आवड आहे.”

मॅडमनी तिला घेतलं. खरं बोलणारा माणूस वर्गात एक तरी असावा, असं त्या म्हणाल्या. तोवर आम्ही सातवर पोचलो होतो, चौधरी बाबूंनी समोसे मागवले होते. समोसे यायच्या आत यादी लागली, पोरीचं नाव आलं, आम्ही परत सहावर आलो, आणि समोसे मात्र सात खाल्ले.

•

सातवा सापडला तो बाबूंच्या पुण्याईने. देवळीचा एक मुलगा बी.कॉम.च्या रांगेत उभा होता. ऊन मी म्हणत होतं, रांग गेटपर्यंत गेलेली.

बाबू खिडकीतून म्हणाले, “काऊन तपून राह्यला बे? इकडं ये, इकडं पंखा आहे.”

मुलगा पंख्यासाठी आत आला आणि फॉर्म भरून बसला. ऑडिशनला मॅडमनी विचारलं, काय येतं? तो म्हणाला, शाळेत पंधरा ऑगस्टला लेझीम केलं होतं. लेझीम कुठे आहे? शाळेत. मग त्याने लेझमीशिवाय लेझीम केलं. मुठी घट्ट, नजर समोरच्या झेंड्यावर, झेंडाही नव्हताच. मी तबल्यावर हलगी वाजवायचा प्रयत्न केला. त्यात माझं बोट सुजलं.

“लोकनृत्याचा पाया पक्का आहे,” नाट्यवाले सर म्हणाले. मॅडम त्या वेळी खिडकीबाहेर बघत होत्या.

•

आता मॅडम खिडकीबाहेर का बघतात, ते सांगायला हवं. त्यासाठी मला माझी चोरी कबूल करावी लागेल.

तीनताल सोळा मात्रांचा. सोळा पुऱ्या झाल्या की पहिल्या मात्रेवर यायचं, तिला सम म्हणतात. नाचणारीचा पाय आणि तबल्याचा धा तिथे एकत्र पडला पाहिजे, सगळी परीक्षा त्या एका जागेची. कच्च्या पोरी कधी चौदावर संपवतात, कधी अठरापर्यंत ओढतात. तबलजीने आपले सोळा पूर्ण करावेत, म्हणजे चूक उघडी पडते.

मी ते करत नाही. पोरीचा खांदा बघतो. ती कुठे संपवणार ते मला आधी कळतं, आणि जिथे तिचा पाय पडतो तिथे मी धा ठेवून देतो. चौदा तर चौदा, अठरा तर अठरा. पोरीला वाटतं जमलं, बापाला वाटतं जमलं. हार्मोनियमवाल्याची जागा कित्येक वर्षं रिकामी आहे, त्यामुळे मला अडवायला खोलीत दुसरं वाद्यही नाही. कळतं ते फक्त मॅडमना, आणि त्या खिडकीबाहेर बघतात. तिथे एक कडुनिंब आहे. इतक्या वर्षांत त्याला मॅडमइतकं कोणी पाहिलं नसेल.

या कामात मी इतका तरबेज झालो की मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता. अर्धा विभाग माझ्या बोटांवर उभा आहे, असं मी घरीसुद्धा सांगायचो.

•

शेवटचा दिवस. पोर्टल संध्याकाळी पाचला बंद होणार, मार्क त्याच्या आत भरायचे. आम्ही सातवर अडकलेले. साडेचारला अल्लीपूरहून एक पोरगी आली, वैष्णवी. सोबत आई. घरी भाजीपाल्याची शेती, वांगी तोडून, बाजारात पोचवून मग एस.टी. धरली म्हणून उशीर झाला, असं आईने दारातूनच सांगितलं.

चौधरी बाबू लॅपटॉप घेऊन थेट ऑडिशनच्या खोलीत येऊन बसले. “मावशी, तुमी इथंच बसा दारापाशी,” ते म्हणाले. “मॅडम, आटपा.”

वैष्णवीने घुंगरू बांधले. शिकली कुठे? हिंगणघाटला एक मॅडम होत्या, दोन वर्षं शिकवलं, मग त्यांची बदली झाली. तेव्हापासून घरीच. मी विचारात पडलो नाही. अशी पोरगी चुकणार, मी सांभाळणार, पाच मिनिटांचं काम.

पाय मात्र स्वच्छ होते तिचे. तत्कार, म्हणजे नुसतं पायांचं काम, ऐकून मला बरं वाटलं. मग तिने तुकडा घेतला आणि घाईत शेवट लवकर केला. मला खांदा दिसला. मी नेमका तिथे धा ठेवला. टाळीसारखा वाजला. नाट्यवाले सर ‘वा’ म्हणाले, मॅडम कडुनिंबाकडे बघत होत्या, बाबूंचं बोट कीबोर्डवर गेलं.

दारातून आवाज आला. “सोळा नाई झाले जी सर. चौदाच झाले.”

सगळ्यांनी वळून बघितलं. आईचा हात मांडीवर होता. टाळीची जागा आली की तळहात, बाकीच्या मात्रांना बोटं. ती सुरुवातीपासून मोजत होती.

“मावशी, तुम्हाला ताल येतो?” मॅडमनी विचारलं.

“मले काई येत नाई. हिचा क्लास पाचला सुरू होये अन् गाडी साडेसहाची. मी पायरीवर बसून राहो. तिथल्या मॅडम मोजत, मीबी मोजो. आता घरी हे नाचते तं मी मोजून देतो.”

नाट्यवाले सर म्हणाले, “पण छान झालं की हो.”

“छान झालं, पण चुकलं,” आई म्हणाली.

वैष्णवी खाली बघत होती. “हो, मी चुकली. अजून एकदा करू?”

बाबू घड्याळाकडे बघून कळवळले. “पोरी, मार्क भरून राह्यलो ना मी. पास आहेस तू.”

“चुकलेल्याचे मार्क नोका भरू जी,” आई म्हणाली. “घरी गेल्यावर मले सांगता येणार नाई तिले, कायचे भेटले ते.”

पावणेपाच. मला लाज वाटली, खरंच वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण ही बाई आठवी ॲडमिशन हातातून घालवत होती. मॅडमनी मान हलवली. पुन्हा सुरू केलं.

या वेळी पोरगी बरोबर होती. मोजून पावलं टाकत होती. पण माझी नजर सवयीने तिच्या खांद्यावर, खांदा जरा हलला, आणि माझा हात पुढे गेला. तिचा पाय पडायच्या आधीच मी धा मारून बसलो होतो.

आईने मांडीवरचा हात थांबवला. “आता पोरीचं बरोबर होतं,” ती म्हणाली. “तुमचं चुकलं.”

चौधरी बाबूंनी लॅपटॉपकडे बघत सांगितलं, “आठ मिनिटं.”

“मी मोठ्यानं मोजतो,” आई म्हणाली. “दोघंबी माह्या मोजण्यावर चाला.”

ती उठून उभी राहिली, पदर खोचला, आणि एक-दोन-तीन-चार सुरू केलं. मी डोळे मिटले, म्हणजे खांदा दिसायला नको. किती वर्षांनी मी सोळाच्या सोळा मात्रा वाजवत होतो कोण जाणे. पंधराव्या मात्रेवर हात शिवशिवला. मी तो दाबून धरला. सोळा, आणि मग तिचा पाय, माझा धा आणि मावशीची टाळी, तिन्ही एका जागी पडली. डोळे उघडले तेव्हा मॅडम खिडकीकडे पाठ करून उभ्या होत्या.

पाचला चार मिनिटं कमी असताना बाबूंनी बटण दाबलं आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली. आठ.

मग सगळे एकदम बोलायला लागले. बाबूंनी चहा सांगितला, नाट्यवाल्या सरांनी आईला वाकून नमस्कार केला. तिला शेवटच्या गाडीची घाई होती. तिने पोरीचे घुंगरू पिशवीत भरले, चपला घातल्या, आणि जाता जाता माझ्या कोपऱ्यापाशी थांबली. चारचौघांत ऐकू जाऊ नये म्हणून जरा वाकली.

“सर, हात चांगला आहे तुमचा,” ती म्हणाली. “रोज थोडी प्रॅक्टिस करत जाजा.”