मधल्या पाण्यात बंद पडलेली मोटर

मुळशीच्या धरणात मी बरीच वर्षं होडी चालवतोय. शनिवार-रविवारी रिसॉर्टचे पाहुणे, एरवी पलीकडच्या वाडीतली माणसं.

त्या दुपारी वाडीतून फोन आला. गवत कापताना एका मावशींच्या हाताला फुरसं, विषारी साप, चावलं होतं. रस्त्यानं धरणाला वळसा घालायचा तर दोन तास, पाण्यातून वीस मिनिटं. अलीकडच्या काठाला जीप उभी करायला सांगून मी गेलो. मावशींना होडीच्या तळाशी निजवलं, शेजारी त्यांचे मालक, म्हणजे नवरा, बसले आणि निघालो.

मधोमध आल्यावर मोटर एकदम गप्प झाली. आचके नाहीत, धूर नाही. कुणी बटण दाबून बंद करावी तशी. दोरी ओढली, पुन्हा ओढली. काही नाही.

"काय झालं वो?" मालकांनी विचारलं.

"बघतो," म्हणालो आणि मोटरचं झाकण काढलं.

माझ्या अब्बांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. ते म्हणायचे, "काही सुचेना की आधी ठिणगी बघ." प्लग काढला, त्याच्या टोपीत बसवून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि मालकांना दोरी ओढायला लावलं. ठिणगी नाही. नवा प्लग घेऊन बघितलं. तरी नाही.

"भाऊ," मावशी पडल्यापडल्या म्हणाल्या, "मी न्हाई मरत एवढ्यात. निवांत बघ."

त्या बोलण्यानं डोकं ताळ्यावर आलं. बंद करायच्या बटणाची वायर चाचपत गेलो. झाकणाच्या कडेला घासून ती सोलली होती आणि उघडी तार लोखंडाला टेकत होती. म्हणजे मोटरच्या लेखी बटण दाबलेलंच! वायर उपटून बाजूला केली.

"ओढा!"

निळी ठिणगी पडली. प्लग आवळला आणि दुसऱ्या ओढीला मोटर सुरू झाली. काठाला बटण चालणार नव्हतं, म्हणून चोक ओढून ती बंद पाडली. जीप तयारच होती.

दवाखान्यात तासाभरानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "इंजेक्शन लागू पडतंय. वेळेत आणलंत."

मी पायरीवर बसलो. शेजारी मालक बसले. त्यांनी तळवे माझ्यापुढं धरले; दोरीनं फोड आले होते.

"आता हितल्या पेशंटात माझं बी नाव घाला," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही डोळे पुसत हसलो. मग ते आत जाऊन मावशींना काय हवं ते विचारून आले.

"च्या मागतीय," म्हणाले.