व्हर्नियरला झेंडूचा हार

चाकणच्या आमच्या कंपनीत दोन तत्त्वज्ञ होते आणि माझ्या नशिबानं दोघंही कंपनीच्या बसमध्ये माझ्याच पुढच्या सीटवर बसायचे. क्वालिटीतले दादा कशालाही "पुरावा काय?" विचारायचे. प्रेस मशिनवरचे अण्णा मौनाचं महत्त्व सांगायला लागले की सांगवीपासून चाकणपर्यंत थांबायचे नाहीत. मी दादांच्या हाताखाली होते खरी, पण माझ्या झोपेचं खोबरं दोघांनी मिळून केलं, त्यामुळे राग दोघांवर सारखाच.

दोघं एकदमच रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी हातात पेढा धरून दादा मला म्हणाले, "पोरी, फोटो नको, सत्कार नको. माझ्यामागं लोकांनी मोजून बघावं, बास." डोळे भरले होते त्यांचे. शेजारच्या पेंट शॉपमधल्या रंगाच्या वासानं, असं ते म्हणाले.

पुढं माझी पिंपरीच्या प्लँटला बदली झाली. यंदा खंडेनवमीच्या यंत्रपूजेला आम्हा तिघांना चाकणला बोलावलं. बघतो तर पाटावर दादांचं जुनं व्हर्नियर, ज्यानं ते आयुष्यभर पार्ट मोजत आले ते. त्याला झेंडूचा हार आणि वर हळदकुंकू.

"हे काय चाललंय?" दादा ओरडले.

एका ऑपरेटरनं हात जोडले. "दादा, तुमी मोजायच्या आदी हे तीनदा पुसायचा न्हवं? आमीबी पुसतो. लई गुण हाय."

"आणि मग मोजता ना?"

"न्हाई. पुसल्यावर मोजायची गरजच काय?"

दादा मटकन स्टुलावर बसले. लगेच दोघातिघांनी त्यांना उठवलं. ते दादांचंच जुनं स्टूल, त्यावर म्हणे आता कुणीच बसत नाही.

अण्णा पोट धरून हसत होते, पण त्यांचीही पाळी आलीच. ते रोज प्रेसच्या मोटरवर हात ठेवून, डोळे मिटून तिच्यातल्या चैतन्याशी बोलायचे. तिथं आता पाटी लावली होती: 'रोज मोटरवर हात ठेवून बघा. गरम लागल्यास बेअरिंग तपासायला मेंटेनन्सला कळवा.' नव्या लोकांना ट्रेनिंगमध्ये शास्त्रीय दृष्टीचा नमुना म्हणून अण्णांचं उदाहरण देतात.

"जन्मभर ब्रह्म सांगितलं रे," अण्णा रडवेले झाले, "आणि लक्षात काय राहिलं, तर बेअरिंग!"

दादांना त्यांच्याकडे बघायला सवड नव्हती. "मोजा! आत्ता मोजा!" म्हणून ते सगळ्यांच्या मागं लागले. लोक मान डोलवत प्रसाद खात राहिले. मला दादांची फार दया आली. उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती त्यांनी.

शेवटी दादा पाटाजवळ गेले. त्यांनी डोळे मिटले, उजवा हात वर केला आणि दात-ओठ खात म्हणाले, "माझी आज्ञा आहे. रोज पुसायचं आणि रोज मोजायचं. नाही मोजलंत, तर मी कोपेन!"

सगळे वाकले. ऑपरेटरनं व्हर्नियर कपाळाला लावलं आणि भक्तिभावानं पहिला पार्ट मोजायला घेतला. दादा हात तसाच वर धरून उभे होते.

अण्णांनी डोळे पुसले आणि ते दादांच्या कानाशी गेले.

"कोपशील याला पुरावा काय?"